'संरक्षित वैशिष्ट्ये' म्हणजे नक्की काय?

रेडिंगकर
इथल्या मराठी ज्येष्ठांच्या गटासाठी ब्रिटनच्या २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टचं माहितीपत्रक मराठीत करतोय. वय, अपंगत्व, लिंगबदल, विवाह किंवा सिव्हिल पार्टनरशिप, गरोदरपण-बाळंतपण, वंश, धर्म किंवा श्रद्धा, लिंग आणि लैंगिक कल या नऊ गोष्टींना कायदा 'प्रोटेक्टेड कॅरॅक्टरिस्टिक्स' म्हणतो. मी 'संरक्षित वैशिष्ट्ये' लिहिलं. एका काकांनी वाचून विचारलं, "हे किल्ल्यांबद्दल आहे का रे?" दुसरं काही सुचतंय का? 'इनडायरेक्ट डिस्क्रिमिनेशन'पाशीही अडलोय. आणि कायद्याचं नाव समता की समानता?

पेठकर
वैशिष्ट्य हा कौतुकाचा शब्द. आमच्या मिसळीचं वैशिष्ट्य असतं, आमच्या गुडघेदुखीचं नसतं. 'संरक्षित लक्षणे' करा.

वऱ्हाडी वकील
लक्षणं तापाची असतात साहेब! नाम शोधायचं कशाला? घटनेचा मराठी अनुवाद काढा, अनुच्छेद १५: 'धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई'. झालं काम. 'पुढील नऊ कारणांवरून' लिहा, काकांना कळेल. हिंदीवाल्यांनी तिथं 'विभेद' घातलाय, आपण त्यातून सुटलो. समानतेचंही तेच. हिंदी उद्देशिकेत 'प्रतिष्ठा और अवसर की समता', मराठीत 'दर्जाची व संधीची समानता'.

माया_खानदेश
कारणांवरून, हे पटलं. समानता नाही पटत. सारखेपणा आणि समता यांत फरक आहे. १९२८ मध्ये बाबासाहेबांच्या चळवळीतून पाक्षिक निघालं त्याचं नाव 'समता'. 'समानता झिंदाबाद' कुणी ओरडलेलं ऐकलंय का?

पेठकर
घोषणा वेगळी, परिभाषा वेगळी. पण मूळ घोळ 'भेदभाव'मध्ये आहे, त्याकडे कुणाचं लक्ष नाही. 'भाव' आला की मनात काहीतरी असायला हवं. इनडायरेक्टमध्ये नियम सगळ्यांना एकच, हेतूही वाईट नाही, फक्त फटका एका गटाला जास्त. तिथे भाव कुठून आणणार? 'अप्रत्यक्ष भेदभाव' हा वदतोव्याघात आहे.

डोंबिवली फास्ट
मग कांद्याच्या भावात कुणाच्या भावना आहेत?

वऱ्हाडी वकील
हा हा. पेठकर, आपल्या सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांच्या प्रकरणात हेच सांगितलं. पर्मनंट कमिशनसाठी, म्हणजे निवृत्तीपर्यंतच्या कायम नेमणुकीसाठी, शारीरिक तंदुरुस्तीचा निकष कागदावर सगळ्यांना एकच. पण पुरुषांची तपासणी नोकरीच्या पाचव्या-दहाव्या वर्षी झालेली, आणि बायकांना तो निकष लावला चाळिशी-पन्नाशीत, कारण तोवर त्यांना संधीच नव्हती. हेतू शोधू नका, परिणाम बघा, असा तो निकाल. मराठी पेपरांनी 'अप्रत्यक्ष भेदभाव'च लिहिलं आणि वाचकांना समजलं. शब्द वापराने घडतो, विग्रहाने नाही.

पेठकर
पेपर 'संपन्न झाला'ही लिहितात.

गुहागरची सून
मराठीत इतका सुंदर शब्द असताना कुणालाच कसा आठवत नाही? पंक्तिप्रपंच! माहेरी गणपतीत पंगत बसायची. वाढणारा मामा व्याह्यांच्या पानाशी आला की तुपाची धार लांबायची. शेवटच्या पाटांवर आम्ही पोरं, आमच्या भातावर नुसतं पळीचं टोक टेकायचं. आजी माजघरातून ओरडायची, "पंक्तिप्रपंच नको हो!" दुजाभाव, सापत्नभाव, डावं-उजवं, किती शब्द आहेत. सरकारी मराठीने सगळ्यांवर एकच 'भेदभाव' थापलाय.

माया_खानदेश
ताई, शब्द छान आहे. पण पंक्तिप्रपंच व्हायला आधी पंगतीत पाट मिळावा लागतो. माझ्या आज्याला अंगणाच्या कडेला बसवून वरून वाढायचे, पत्रावळीला हात लागू नये म्हणून. त्याला तुमच्या आजी काय म्हणायच्या?

गुहागरची सून
शिवाशिव. म्हणायच्या आणि पाळायच्याही.

रेडिंगकर
यावरूनच मोठी अडचण सांगतो. पत्रक वाचून इथले लोक पहिलं विचारतील, यात जात आहे का? इक्वॅलिटी ॲक्टच्या कलम ९ मध्ये वंशाचा एक भाग म्हणून जात आणायची सोय ठेवलीय. २०१३ मध्ये संसदेने ते सरकारवर बंधनकारक केलं. २०१८ मध्ये सरकारने वेगळी तरतूद करणार नाही म्हणून जाहीर केलं, कोर्टांच्या निकालांवर सोडलं. म्हणजे 'वंश' एवढंच लिहिलं तर अर्धवट, आणि 'वंश, जात' लिहिलं तर कायद्यात नसलेलं लिहिल्यासारखं.

वऱ्हाडी वकील
तिकडच्या एम्प्लॉयमेंट अपील ट्रिब्युनलचा, म्हणजे नोकरीविषयक अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाचा, २०१४ चा निकाल बघा. जात 'एथनिक ओरिजिन'मध्ये, म्हणजे वांशिक मुळात, बसू शकते म्हणाले, सरसकट बसतेच असं नाही. एक ओळ जास्तीची लिहा: 'जातीवरून त्रास झाला तरी सल्ला घ्या, दाद मागता येऊ शकते.' कायद्याचा शब्द न वापरता काम भागतं.

डोंबिवली फास्ट
'वंश'ही बदला. वंश म्हटलं की आपल्याकडे दिवा येतो, रेस येत नाही.

माया_खानदेश
त्या दिव्यावरून पोरींशी जे होतं ते नऊपैकी कितव्या नंबरात?

पेठकर
मूळ मुद्दा राहूनच गेला. गुहागरताई, तुम्ही 'पंक्ति' ऱ्हस्व लिहिलंत ते बरोबर, पण पंगतीवरून आलाय तर 'पंगतप्रपंच' का नको?

गुहागरची सून
पंगतच पंक्तीवरून आलीय हो. उलटं कसं?

रेडिंगकर
सोमवारी छपाईला जातंय. तोवर समता की समानता, एवढं कुणी सांगेल का?

पेठकर
आधी 'तोवर' की 'तोपर्यंत' ते ठरवा.