अनुभव धागा : काम शिकलात, पण पहिला पैसा कुणाच्या हातात पडला?

नमस्कार. मी कुडाळ तालुक्यात उमेदची, म्हणजे बचत गट बांधणाऱ्या सरकारी अभियानाची, सीआरपी (गावपातळीवरची कार्यकर्ती) म्हणून बचत गटांच्या बैठका घेत फिरते. गावोगावी प्रशिक्षणं खूप झाली. शिवण झालं, पार्लर झालं, मसाले झाले, काजू-कोकम झालं. दाखले घरोघरी आहेत. पण सहा महिन्यांनी त्या बाईच्या दारात कुणी जाऊन विचारलं का, की काम चालू आहे का गो? विधवा, नवऱ्याने टाकलेल्या, आदिवासी वाडीवरच्या, पदरात लहान पोर असलेल्या बायकांचं काम कशाने टिकलं आणि कशाने मोडलं, ते तुमच्याकडून ऐकायचं आहे.

सुरुवात मी करते. नवरा गेला तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. गटात नाव घातलं ते केवळ घराबाहेर पडायला मिळावं म्हणून. गटाच्याच बचतीतून 3,000 रुपयांचं अंतर्गत कर्ज घेऊन रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, घेतले आणि आमसुलं घातली. सालं रसात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची. चौथ्या पुटाला वळवाचा पाऊस आला आणि खळ्यातला सगळा माल बुरसला. दोन दिवस जेवले नाही. पुढच्या वर्षी निम्म्या रातांब्यांचं आगळ (मिठातला कोकमाचा रस) केलं, म्हणजे सगळी भिस्त उन्हावर राहिली नाही. हातात आले 1,140 रुपये. सवयीने सासऱ्यांपुढे ठेवले. त्यांनी ते माझ्याकडे सरकवले आणि म्हणाले, "तुझे आसत, तूच ठेव." त्या दिवसापासून मी त्या घरात ताठ बसायला लागले. आता तुम्ही सांगा.

वेंगुर्ला

मी नऊ वर्षं एका काजू कारखान्यात होते, आधी फोडायला, मग सोलायला. टरफलातलं तेल बोटांना लागलं की कातडी जळते, काळी पडते. आम्ही खोबरेल लावून वर राख चोळायचो, तरी डाग जायचे नाहीत. लग्नात जेवण वाढायला मी मुद्दाम पुढे होत नसे. मजुरी किलोवर, आणि गर तुटला की कापलीच.

बँकेच्या स्वरोजगार प्रशिक्षण संस्थेत काजू प्रक्रियेचं शिक्षण मिळालं, राहणं-जेवण फुकट. तिथे बाईंनी टेबलावर गराचे ढीग मांडले आणि विचारलं, ह्यातला 320 कुठला? आम्ही सगळ्या गप्प. एका पौंडात 300 ते 320 गर बसतात तो डब्ल्यू-320, 200 ते 210 बसतात तो 210. दाणा मोठा तसा भाव जास्त. पाकळीचा वेगळा, कणीचा वेगळा. नऊ वर्षं तो गर माझ्या हातातून गेला आणि त्याची किंमत मला कुणी सांगितली नव्हती. रात्री झोप लागली नाही, इतका राग आला होता.

आम्ही सात जणींनी सुरू केलं. पण खरी अडचण कामाची नव्हतीच. काजू-बी येते फेब्रुवारी ते मे. तेव्हा रोख मोजून साठवली नाही तर गणपतीनंतर हात रिकामे. पहिल्या वर्षी आमचे तसेच रिकामे राहिले, दोघी परत कारखान्यात गेल्या. मग सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून गटाला बीज भांडवल मिळालं, तेव्हा सदस्यामागे 40,000 पर्यंत मिळत होतं, ते सगळं बियांत घातलं. त्या दोघी परत आल्या. शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे, फोडायला दहा दिवस शिकवता तसं बी कधी आणि कशी घ्यायची हेही दोन दिवस शिकवा.

मालवण

आई चाळीस वर्षं पाटी घेऊन मासे विकते. पहाटे किनाऱ्यावर लिलाव, मग दारोदार. तिचं बँकेत खातं काढलं तेव्हा म्हणाली, "माझ्या नावाचा पासबुक? माका कित्याक?" आता दर सोमवारी शिक्का मारून आणते आणि पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवते.

सुधागड

मी कातकरी वाड्यांवर काम करतो. वेंगुर्ल्याच्या ताईंचं वाचून लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे एका वाडीत शिलाई मशिनं वाटली गेली. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण वाडी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते ती पावसाच्या तोंडावर परतते. घरं बंद, मशिनं आत गंजत. बायकांनाच विचारलं तर म्हणाल्या, पावसाळ्यात काम नसतं, तेव्हा खायला शेठकडून उचल घेतो, आणि ती फेडायला जोडीने भट्टीवर जावं लागतं. विटा मोजल्या जातात नवऱ्याच्या नावावर. बाईने दिवसभर माती मळली तरी वहीत ती नाही.

म्हणून आधी गट बांधला, भादव्यात धान्यापुरतं कर्ज गटातूनच मिळेल असं पाहिलं. पहिल्या वर्षी चारच घरं थांबली. त्या चौघींनी रोपवाटिकेत पिशव्या भरायचं काम घेतलं, आणि हजेरीपटावर स्वतःच्या नावापुढे अंगठा केला. एकीने मला तो कागद पुन्हा दाखवायला लावला. "ह्यात मी कुठं?" मी बोट ठेवलं. ती बराच वेळ बघत होती.

दापोली

आमच्या गावात एकाच वर्षी तीस मुलींनी पार्लरचा कोर्स केला. एका गावात तीस पार्लरं कशी चालणार? दोघींचं चाललं, त्याही हर्णैच्या रस्त्यावर, पर्यटक येतात तिथे. माझं मोडलं ते गिऱ्हाईक नव्हतं म्हणून नाही, पोराला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून. अंगणवाडी दुपारी सुटते, वर्ग चारला सुटायचा. एवढी साधी गोष्ट वेळापत्रक करणाऱ्याला सुचू नये, ह्याचं वाईट वाटतं. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा मी पुन्हा बाहेर पडले. आता शेजारणीकडे पोर ठेवते, तिला महिन्याचे पैसे देते. म्हणजे तिचीही कमाई झाली.

पुन्हा वेंगुर्ल्याहून, दुसरी

इथे मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवनाची सफर घडवतात, होडी स्वतः वल्हवतात. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या बायका ह्या, खाडी ओळखीचीच. शिकायची होती ती झाडांची माहिती आणि परक्या माणसांसमोर बोलायचं धाडस. मी बसले त्या होडीतल्या काकी तिवर, कांदळ, चिपी एकेक दाखवत होत्या, आणि पक्षी दिसला की वल्हं थांबवून सगळ्यांना गप्प करत होत्या. जे ज्ञान घरात होतं त्यालाच मोल आलं, हे मला फार मोठं वाटतं.

राजापूर

बहीण दोन मुलं घेऊन माहेरी आली आहे. सातवी शिकलेली. सगळे म्हणतात शिवण शिकव. काय करू?

धागाकर्ती

राजापूरच्या ताई, आधी तिला विचारा, तिला काय येतं आणि काय आवडतं. पंचायत समितीत उमेदचा तालुका कक्ष असतो, तिथे जवळच्या गटाची चौकशी करा. एकल बाईला गटात घ्यायला खळखळ झाली तर तिथेच सांगा. खातं तिच्या एकटीच्या नावावर काढा, भावासोबत जोडखातं नको. प्रशिक्षण निवडताना तो माल घेणार कोण, एवढं नक्की विचारा. आणि पहिल्या बैठकीला तिला एकटीला पाठवू नका. दारापर्यंत तरी सोबत जा.