पहिली ऑल-ग्रेन बीअर: धान्यापासून सुरुवात केलेल्यांनी अनुभव लिहा

दादर (धागा मीच काढतोय, तर आधी माझा)

माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) तयार पाक आणून त्यात यीस्ट टाकणं वेगळं आणि अख्ख्या धान्यापासून बीअर करणं वेगळं. हे मला मँचेस्टरमधल्या भाड्याच्या घरात कळलं. कामासाठी दोन वर्षं तिथे होतो. ब्रिटनमध्ये 1963 पासून घरी पिण्यापुरती बीअर करायला परवाना लागत नाही. आपल्याकडे तसं नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात परवान्याशिवाय बीअर आंबवणं गुन्हा आहे. तेव्हा कुठे केलंत ते जरूर लिहा. परदेशातला अनुभव चालेल, परवाना असलेल्या ब्रुअरीतला चालेल, आणि इथे मुंबईच्या स्वयंपाकघरात मोड आणून गोड पाण्यापर्यंत पोचून थांबला असाल तर तोही हवाच आहे.

साडेचार किलो पेल माल्ट, 25 लिटर पाणी, 30 लिटरचा टोप आणि आत बसेल अशी जाळीच्या कापडाची पिशवी. पाणी 70 अंशांवर नेलं, धान्य ओतलं, ढवळलं, पारा 66 वर आला. आता तासभर तो तिथेच राहायला हवा, यालाच मॅश म्हणतात. 60 ते 65 अंशांत जोरात काम करणारं एक एन्झाइम स्टार्चची साखर करतं, ती यीस्टला खाता येते. 70 च्या आसपास रमणारं दुसरं एन्झाइम थोड्या लांब साखळ्या मागे ठेवतं, त्यांनी बीअरला अंग येतं. 66 म्हणजे दोघांनाही वाव. मी दर पाच मिनिटांनी झाकण काढून बघत होतो. चाळीस मिनिटांत पारा 61 वर. घाबरून गॅस लावला तर तळाशी 74. शेवटी गॅस बंद केला, टोपाला दोन पांघरुणं गुंडाळली आणि हात मागे घेतले.

त्याच वेळी आईचा व्हिडिओ कॉल आला. टोपात डोकावून म्हणाली, "अरे, हे नाचणीच्या सत्वासारखंच की. मोड आणायचे, वाळवायचं, दळायचं. मोडाच्या पिठाची खीर नेहमी पातळच होते, तुला लहानपणी तीच द्यायचे." अगदी बरोबर आहे ते. मोड आलेल्या दाण्यातलं एन्झाइम स्टार्च तोडतं, म्हणून खीर घट्ट होत नाही आणि जिभेला गोड लागते. मी महिनाभर इंग्रजी पुस्तकांतून जे समजून घेत होतो ते आमच्या ओट्यावर वर्षानुवर्षं होत होतं. त्या दिवसापासून मला या कामाची भीती वाटेनाशी झाली.

बीअर 5 टक्क्यांच्या आसपास झाली. थोडी पातळ, पण स्वच्छ.

विलेपार्ले

मी आंबवण्यापर्यंत गेले नाही, पण जवाला मोड आणण्यापासून सगळं पार्ल्यातच केलं, म्हणून लिहिते.

पहिली चूक जव आणण्यात झाली. वाण्याकडून पांढरे, पॉलिश केलेले जव आणले. तीन दिवस भिजत ठेवले, वास आला, मोड नाही. सोललेल्या दाण्याचा अंकुर आधीच गेलेला असतो. मग सासूबाई म्हणाल्या, घटस्थापनेला जे पेरतो ते आण. ते सालीसकट जव पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळाले. (बियाणं म्हणून विकतात ते घेऊ नका, त्याला औषध लावलेलं असतं.) आठ तास पाण्यात, मग तितकाच वेळ निथळत, असं दोन दिवस. नंतर ओल्या पंच्यात. दाण्याला श्वास घ्यायला हवा लागते, सतत बुडवून ठेवलं तर तो गुदमरतो. मुळं तर लगेच दिसतात, पण बघायचा तो सालीखालून सरकणारा कोंब. तो दाण्याएवढा लांब झाला की थांबायचं. पुस्तकात पाच दिवस दिलेत, माझ्याकडे एप्रिलच्या उकाड्यात तिसऱ्या दिवशीच झाला. गच्चीत वाळवले, हाताने चोळून मुळं काढली, सुपाने पाखडले. हेच जूनमध्ये करून बघितलं तेव्हा दोन दिवसांत बुरशी आली, सगळं टाकून द्यावं लागलं.

गिरणीवाल्या काकांना "भरडून द्या" म्हटलं. त्यांनी मायेने बारीक दळून दिलं! मॅश झाल्यावर ते पीठ गाळणीत चिखलासारखं बसलं, थेंब खाली येईना. साल अख्खी राहिली तर तीच गाळणी होते, हे तेव्हा समजलं. पुढच्या वेळी लापशीचा मूठभर रवा नमुना म्हणून घेऊन गेले आणि काका गिरणीचा पाट सैल करून शेजारी उभे राहिले.

एक किलोला पाच लिटर पाणी, टोप गोधडीत. तासाने पांढऱ्या बशीत चमचाभर गाळलेलं पाणी घेऊन त्यावर टिंक्चर आयोडिनचा थेंब टाकला. निळं-काळं झालं म्हणजे स्टार्च शिल्लक आहे. वीस मिनिटांनी पुन्हा केलं, थेंब पिवळसर तपकिरीच राहिला. मला इतका आनंद झाला की मुलीला शाळेच्या अभ्यासावरून उठवून दाखवलं. (बशीतलं पाणी ओतून द्या, पिऊ नका.) उरलेलं उकळून, गार करून फ्रिजमध्ये ठेवलं आणि दोन दिवसांत संपवलं. बाहेर ठेवलंत तर मुंबईत सकाळपर्यंत आंबायला लागतं.

मुलुंड

एकच सांगतो. वर्ट (मॅशमधून गाळलेलं ते गोड पाणी) पहिल्यांदा उकळी धरतो तेव्हा टोपासमोरून हलायचं नाही. दूध उतू जातं तसाच तो जातो, पण दूध ओलं फडकं फिरवलं की निघतं. हा साखरेचा पाक शेगडीच्या बर्नरवर जळून बसतो. पहिला फेस खाली बसू द्या आणि मगच हॉप्स (बीअरला कडवटपणा देणारी फुलं) टाका. मी एडिनबराला असताना दोन्ही एकदम केलं. घरमालकीणबाईंची शेगडी घासण्यात रविवार गेला.

अंधेरी

मी परवाना असलेल्या एका छोट्या ब्रुअरीत मदतनीस म्हणून लागलो, माझी पहिली ऑल-ग्रेन तिथेच झाली. वाटलं होतं दिवसभर चव घेत फिरू. खरं काम धुण्याचं. टाकी, नळ्या, वॉशर, परत टाकी. पहिल्या दिवशी वरिष्ठांनी मला टाकीच्या झाकणाच्या खाचेत टॉर्च मारून दाखवला, कारण तिथे मी पुसलं नव्हतं.

मुंबईत बीअर करायची तर दोन गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतात. पहिली पाणी. भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी म्हणजे तलावात साठलेला पाऊस. क्षार कमी, त्यामुळे फिकट, नाजूक बीअरला छान. पण नळाच्या पाण्यातलं क्लोरिन माल्टमधल्या फिनॉलशी जुळलं की दवाखान्यासारखा वास येतो आणि तो नंतर कशानेच जात नाही. म्हणून पाणी आधी कार्बन फिल्टरमधून जातं.

दुसरी उष्णता. नेहमीच्या एल यीस्टला (एल हा बीअरचा एक प्रकार) 18 ते 20 अंश लागतात, मुंबईची खोली 30 ची. त्यात आंबताना यीस्ट स्वतः गरमी सोडतं. पारा फार वर गेला की केळ्याचा, थिनरचा वास. आमच्या टाक्यांना थंड ग्लायकॉलचं, म्हणजे गार द्रव फिरवणारं, वेष्टन आहे. एका रात्री पंप बंद पडला आणि माझ्या पहिल्या बॅचचा पारा सकाळी 27 वर होता. ती बीअर विकली नाही, नाल्यात सोडली. मी ती सोडताना तिथेच उभा होतो. नॉर्वेतलं क्वाइक नावाचं यीस्ट 35 अंशांतही स्वच्छ आंबतं, नंतर आम्ही ते वापरून बघितलं. आपल्या हवेसाठी यापेक्षा सोयीचं यीस्ट मला माहीत नाही.

बोरिवली (सध्या न्यू जर्सी)

इथे 1978 च्या केंद्रीय कायद्याने घरगुती बीअरला मोकळीक मिळाली. माझी चूक घाईची. आठव्या दिवशी बुडबुडे थांबले म्हणून बाटल्या भरल्या, 19 लिटरला 120 ग्रॅम साखर घालून. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजतो, साखर संपते तसा आकडा उतरतो) 1.020 दाखवत होता, मी "झालं असेल" म्हटलं. झालं नव्हतं. यीस्ट थंडीने नुसतं सुस्तावलं होतं. बेसमेंटमध्ये ऊब आली तशी रात्री दोनला पहिली बाटली फुटली, मग शेजारची. काच भिंतीत रुतली होती. मुलं त्या खोलीत खेळतात. आकडा सलग तीन दिवस हलला नाही तरच बाटल्या भरा, बुडबुड्यांवर जाऊ नका. आणि जाड काचेच्या बाटल्या घ्या.

चेंबूर

अंधेरीच्या दादांना विचारायचं होतं, मॅशनंतर उरलेल्या धान्याचं काय करता? माझा भाचा ब्रुअरीत आहे, त्याने मला दोन किलो आणून दिलं. ओलंच थालीपिठात घातलं तर सालं टाळूला टोचली, यजमानांनी अर्धं ताटात ठेवलं. मग ताटांत पसरून पंख्याखाली, दुसऱ्या दिवशी उन्हात कडक वाळवलं, दळून चाळून घेतलं आणि तीन वाट्या भाजणीला एक वाटी मिसळलं. साखर पाण्यात निघून गेलेली असते, म्हणून गोड लागत नाही, भाजल्या पावासारखा वास येतो. कांदा जरा जास्त घाला. आणल्या दिवशीच वाळत घाला मात्र, रात्रभर पिशवीत राहिलं की आंबूस होतं.

अंधेरी

काकू, आमचं सगळं तबेल्यात जातं, म्हशी आवडीने खातात. पण मंगळवारी मॅश आहे, डबा घेऊन भाच्याला पाठवा. गरम असतानाच देतो.

विलेपार्ले

माझ्यासाठीही एक डबा ठेवा. गिरणीवाले काका कधीपासून विचारतायत, त्या भरडलेल्या जवाचं पुढे काय झालं.