पिंडी ते ब्रह्मांडी: शब्दशः घ्यायचं का?

मी विज्ञान शिकलेली नाही, हौसेने वाचते. पण २०२० सालचा एक शोधनिबंध अजून माझी पाठ सोडत नाही. खगोलशास्त्रज्ञ फ्रांको वाझ्झा आणि मेंदूचे शल्यविशारद अल्बर्टो फेलेट्टी यांनी चेतापेशींचं जाळं आणि दीर्घिकांचं जाळं चक्क शेजारी ठेवून मोजलं. लहान मेंदूत १ मायक्रॉन ते ०.१ मिलिमीटर एवढ्या टप्प्यात घनतेचे चढउतार ज्या रीतीने पसरलेत, तीच रीत विश्वात ५० लाख ते ५० कोटी प्रकाशवर्षांच्या टप्प्यात दिसते. मेंदूत सुमारे तीन चतुर्थांश पाणी, विश्वात जवळपास तेवढीच कृष्ण ऊर्जा (विश्वाचं प्रसरण वेगवान करणारी, अजून न उलगडलेली ऊर्जा). याला योगायोग म्हणायला माझं मन तयार नाही. विश्वालाही काही जाणीव असेल का?

प्रतिसाद १
सहमत नाही. पाण्याची तुलना तर सोडूनच द्या. पाण्यावाचून पेशी जगणार नाही, कृष्ण ऊर्जा उलट जाळं ताणत नेते. पण खरा मुद्दा वेळेचा आहे. मेंदूतल्या जलद तंतूंमधून संदेश सेकंदाला कित्येक मीटर वेगाने धावतो, या टोकाचं त्या टोकाला कळायला सेकंदही लागत नाही. तुमचे ५० कोटी प्रकाशवर्षं ओलांडायला प्रकाशालाच ५० कोटी वर्षं हवीत. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं. म्हणजे अंतर कायम आजच्याएवढंच होतं असं ढोबळपणे धरलं, तर जन्मापासून आजवर एकामागून एक फार तर २७ निरोप गेले असते. २७ निरोपांत कोण काय विचार करणार? शिवाय फांद्या फुटलेलं काहीही असंच दिसतं. झाडं घ्या, ढग घ्या.

धागालेखिका
वेळेचा हिशेब मी केलाच नव्हता. जाणिवेचं म्हणणं मागे घेते. पण झाडं-ढगांचं पटलं नाही. त्याच दोघांनी फांद्या, ढग, खळाळतं पाणी हेही मोजून पाहिलं, आणि त्यांची रीत निराळी निघाली! एकीकडे गुरुत्वाकर्षण, दुसरीकडे पेशींची वाढ. कारणं इतकी वेगळी असताना रीत एकच का, एवढंच मला विचारायचंय.

प्रतिसाद २
प्रश्न चांगला आहे, पण नुसत्या जाळ्याकडून फार अपेक्षा नको. ३०२ चेतापेशी असलेल्या एका सूक्ष्म कृमीचा जोडण्यांचा नकाशा १९८६ पासून आपल्याकडे आहे. तो कृमी पुढच्या क्षणी कुठे वळेल, हे त्या नकाशावरून आजही सांगता येत नाही. २०२४ मध्ये फळमाशीच्या मेंदूतल्या १,३९,२५५ चेतापेशींचा नकाशा आला, तिथेही हीच अडचण.

प्रतिसाद १
फांद्या-ढगांची मोजणी मला माहीत नव्हती, तो मुद्दा मागे घेतो. पण तुलना मेंदूच्या मोजक्या कापांवर झालेली आहे. आणखी मेंदू, आणखी भाग मोजले आणि तरीही रीत जुळली, तर मीच नवा धागा काढेन.