'उत्तेजन' की 'उद्दीपन'? मेंदूवरील चुंबकीय उपचाराला मराठीत काय म्हणावे

प्रश्न

परळमधील एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागासाठी मी नातेवाइकांना द्यायचे माहितीपत्रक मराठीत लिहीत आहे. विषय टीएमएस, म्हणजे ट्रान्सक्रॅनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, आणि तेही बायपोलर आजारातील नैराश्यासाठी. आधीच्या पत्रकात 'द्विध्रुवी अवसादासाठी चुंबकीय मेंदू उत्तेजन' असे छापले होते. ते वाचून लालबागहून आलेल्या एका आईने मला विचारले, "अहो ताई, तो उत्तेजित झाला की चार-चार रात्री झोपत नाही, म्हणून तर आम्ही त्याला इथे आणतो. मग आणखी उत्तेजन कशाला देता?" मला त्या क्षणी उत्तर देता आले नाही. योग्य शब्द कोणता, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर

त्या माउलीने शब्दाचा दोष नेमका पकडला आहे. मराठीत 'उत्तेजन' दोन वाटांनी चालते. एक वाट कौतुकाची: शाळेच्या स्नेहसंमेलनातले उत्तेजनार्थ बक्षीस सगळ्यांना आठवत असेल. दुसरी वाट प्रक्षोभाची: जमाव उत्तेजित होतो, रुग्ण उत्तेजित होतो. बायपोलर आजारात नैराश्याच्या पलीकडे उन्मादाचा, म्हणजे अतिउत्साहाचा, काळ असतो, आणि नैराश्यावर उपचार चालू असताना रुग्ण उन्मादाकडे झुकत नाही ना, याकडे डॉक्टरांना सतत लक्ष ठेवावे लागते. ज्याची भीती, तेच नाव उपचाराला देणे कोणत्याही अर्थाने बरे नव्हे.

मी 'उद्दीपन' सुचवतो. साहित्यशास्त्रात आलंबन विभाव (ज्याच्यामुळे भाव निर्माण होतो) आणि उद्दीपन विभाव (ज्याने तो वाढतो) असा भेद करतात. चांदणे किंवा वाऱ्याची झुळूक प्रेम निर्माण करत नाही, मनात आधीच असलेला भाव फुलवते. वैद्यांच्या बोलण्यातले 'दीपन-पाचन' हे याच कुळातले, आणि मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत 'उद्दीपक' हा शब्द रुळलेलाही आहे. चूल चेतवतात त्यावरून 'चेतवणे' हे क्रियापद मला मनापासून आवडते, पण पत्रकाच्या शीर्षकात ते शोभणार नाही.

शब्दांचा क्रमही बदलावा. 'चुंबकीय मेंदू' म्हटले की मेंदूच चुंबकाचा असल्यासारखे वाटते. 'मेंदूचे चुंबकीय उद्दीपन' असे लिहिल्यास कशाचे काय होते, ते स्पष्ट होते. 'अवसाद' हा हिंदीच्या वाटेने आलेला शब्द. मराठीत 'नैराश्य' पुरेसे आहे, आणि कंसात 'डिप्रेशन' द्यावे, कारण घराघरांत तेच म्हणतात.

दुसरे उत्तर

मी हे यंत्र रोज चालवतो, म्हणून दोन-तीन गोष्टी जोडतो. 'उद्दीपन' मला मान्य आहे, मात्र एक अडचण ध्यानात ठेवावी. कपाळामागच्या डाव्या भागावर सेकंदाला दहा स्पंद (चुंबकीय ठोके) देतात, तेव्हा तेथील पेशी अधिक सक्रिय होतात असे मानले जाते. उजव्या भागावर सेकंदाला एक या संथ गतीने देतात, तेव्हा हेतू क्रियाशीलता कमी करण्याचा असतो. तेव्हा शीर्षकात 'उद्दीपन' असले, तरी आतल्या मजकुरात 'पेशींचे काम ताळ्यावर आणण्याचा प्रयत्न' असे सांगणे अधिक खरे ठरेल.

'द्विध्रुवी' या शब्दाला माझा ठाम विरोध आहे. चुंबकालाही दोन ध्रुव असतात, हे प्रत्येकाला शाळेपासून ठाऊक असते. एकाच वाक्यात 'द्विध्रुवी' आणि 'चुंबकीय' आले की वाचणारा दोन्ही जोडून टाकतो. एका निवृत्त गिरणी कामगाराने मला अतिशय गंभीरपणे विचारले होते, की उत्तर ध्रुव उदासीसाठी आणि दक्षिण ध्रुव उन्मादासाठी वापरता का. शिवाय आपल्याकडे ध्रुव म्हणजे अढळपद मिळालेला बाळ. मनाच्या हेलकाव्यांना त्याचे नाव विसंगत वाटते. 'बायपोलर' हाच शब्द ठेवून 'मनःस्थिती दोन टोकांना जाण्याचा आजार' असा खुलासा द्यावा.

'कॉइल'साठी 'कुंडली' तर मुळीच नको, नाहीतर लोक पत्रिका घेऊन येतील. 'तारेचे वेटोळे' म्हणावे. 'सौम्य शॉक' ही शब्दयोजनाही मी एका छापील पत्रकात पाहिली आहे, आणि ती सर्वांत घातक आहे. विजेच्या उपचारात, म्हणजे ईसीटीत, जो 1938 साली रोममध्ये सुरू झाला, भूल देऊन मुद्दाम झटका, म्हणजे फिट, आणतात. येथे भूल नसते आणि झटका आणायचा नसतो. तो चुकून येणे हा अगदी विरळ दुष्परिणाम आहे. वेटोळ्यातल्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे मेंदूत सूक्ष्म विद्युतधारा निर्माण होते. हे फॅरडेने 1831 साली दाखवलेले, शालेय पुस्तकातले 'विद्युत चुंबकीय प्रवर्तन'च आहे. शेफील्डमध्ये अँथनी बार्कर यांनी 1985 साली ते माणसाच्या मेंदूवर वापरून दाखवले.

पहिल्या दिवशी मी वेटोळे डोक्यावर एका विशिष्ट जागी धरतो आणि रुग्णाचा अंगठा आपोआप हलतो. किती जोराचे स्पंद दिल्यावर अंगठा हलतो, त्यावरून त्या रुग्णाची मात्रा ठरते. नातेवाइकांना हे मी दाखवतो, कारण 'उद्दीपन' म्हणजे काय ते त्या अंगठ्याने जितके कळते, तितके शब्दाने कळत नाही.

आणखी एक. अमेरिकेत 2008 साली मिळालेली मान्यता औषधांनी न हटलेल्या, एकाच टोकाच्या, म्हणजे उन्मादाचा काळ नसलेल्या, नैराश्यासाठी होती. बायपोलरमध्ये पुरावा अजून तुलनेने थोडा आहे. म्हणून 'बरा करतो' न लिहिता 'उतार पडू शकतो' असे लिहावे. 'चुंबक-चिकित्सा'ही टाळावे, त्या नावाने गळ्यात घालायच्या माळा विकल्या जातात.

प्रश्नकर्तीचे म्हणणे

आपणा दोघांची मी ऋणी आहे. आता मजकूर असा आहे: 'बायपोलर आजारातील नैराश्यासाठी मेंदूचे चुंबकीय उद्दीपन (टीएमएस). तारेचे वेटोळे डोक्याला बाहेरून टेकवून चुंबकीय स्पंद दिले जातात. भूल देत नाहीत. आठवड्यातून पाच दिवस, साधारण चार ते सहा आठवडे यावे लागते. काही रुग्णांना उतार पडतो. डोक्यात किंवा कानात धातूचे उपकरण बसवलेले असल्यास आधी सांगावे.' 'सत्र' काढून 'सिटिंग' ठेवले, कारण फोनवर सगळे "किती सिटिंग लागतील?" असेच विचारतात.

हे त्या आईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "हे कळलं. पण मशीन आवाज करतं का? त्याला आवाजाचा फार त्रास होतो." हे आपण तिघांनीही लिहिले नव्हते. 'यंत्राचा टकटक आवाज येतो, त्यासाठी कानात बोळे दिले जातात' हे वाक्य मी दुसऱ्या ओळीनंतर घातले आहे.