मदत हवी आहे: सॉल्ट थेरपी घ्यावी का? आजच ठरवायचंय

सायली_२७: सॉल्ट थेरपी कोणी घेतलीये का? सेंटरला जाऊन चौकशी करून आले, मिठाच्या खोलीत ४५ मिनिटं नुसतं बसायचं, औषध नाही काही नाही, पूर्ण नैसर्गिक आहे म्हणतात. आज पैसे भरले तर पॅकेजवर सूट आहे म्हणून त्यांचे सारखे मेसेज येतायत. नेटवर वाचून डोकं भणभणलंय, कोणी म्हणतं चमत्कार, कोणी म्हणतं थोतांड. ज्यांना खरंच माहितीये त्यांनीच सांगा प्लीज, घ्यावं का नाही?

अनुजा_: कोणासाठी? वय काय? त्रास कसला, सर्दी, सायनस, दमा की त्वचेचा? काहीच लिहिलं नाहीस गं.

पाऊसवेडा: बिनधास्त घ्या. माझं सायनसचं जुनं दुखणं, सेशन झालं की नाक मोकळं व्हायचं आणि झोप छान लागायची. ही आजकालची फॅशन नाही, पोलंडमधल्या व्येलिच्काच्या मिठाच्या खाणीत काम करणाऱ्यांना छातीचे विकार कमी होतात असं बोचकोव्स्की नावाच्या डॉक्टरने १८४३ मध्येच लिहून ठेवलंय. तिथे आजही जमिनीखाली १३५ मीटरवर श्वसनाच्या पेशंटवर उपचार होतात.

निरंजन_: खाणीतली हवा वेगळी आणि सेंटरची खोली वेगळी. खाणीत तापमान जवळपास बारा महिने सारखं, परागकण नाहीत, धूर नाही. बरं वाटलं ते मिठाने की स्वच्छ हवेने, कसं ठरवणार? सायली, त्या खोलीत हॅलोजनरेटर, म्हणजे मीठ दळून हवेत सोडणारं मशिन आहे का ते आधी सांगा.

सायली_२७: मशिनचं काही बोलले नाहीत. भिंती गुलाबी हिमालयन मिठाच्या आहेत, खाली पण मीठ पसरलंय. वय ६१. पण मला फक्त हो की नाही एवढंच हवंय.

निरंजन_: अहो, नुसत्या भिंतीतून मीठ हवेत उडत नाही, ती सजावट झाली. हॅलोजनरेटर शुद्ध मीठ दळतो आणि साधारण १ ते ५ मायक्रॉनचे कण पंख्याने खोलीत सोडतो, त्याहून मोठे कण नाकाघशातच अडकतात, छातीत खोलवर पोचत नाहीत. मशिन चालू असेल तर थोड्या वेळाने ओठ खारट लागतात, चष्म्याच्या काचेवर पांढुरका थर दिसतो. मीठ पाणी ओढून घेतं त्यामुळे घट्ट कफ सैल होतो, कल्पना एवढीच आहे.

योगप्रेमी: कशाला एवढा खटाटोप? रोज सकाळी जलनेती करा, अर्धा लिटर कोमट पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ, संपला विषय.

अनुजा_: नेती नाकापुरती, छातीचं काय? आणि पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्डच हवं हे सांगत जा हो, नळाच्या पाण्यातून नाकावाटे नेग्लेरिया अमीबा मेंदूपर्यंत जातो, क्वचित होतं पण झालं तर माणूस बहुतेक वाचत नाही.

दादूस: ६१ वय म्हणजे मीठ जपूनच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत सांगते. लोणचं पापड बंद करा, बीपी मोजा.

पाऊसवेडा: दादूस, खायच्या मिठाचा इथे काय संबंध?

मृणाल: अवांतर विचारते, माझ्या मिठाच्या दिव्याला खाली पाणी सुटतं, खराब झाला का?

निरंजन_: नाही, हवेतला ओलावा ओढतो. कोरड्या जागी ठेवा. घरात मांजर असेल तर लांब, चाटत बसलं तर मिठाची विषबाधा होते.

सायली_२७: दिव्याचं राहू द्या ना. आईसाठी विचारतेय, तिला दमा आहे. सेंटरवाले म्हणाले थेरपीच्या आधी शरीर औषधांतून मोकळं व्हायला हवं म्हणून पंप बंद केलाय. आता रात्री खोकला वाढलाय म्हणून तर घाई आहे.

अनुजा_: थांब थांब, कुठला पंप बंद केला? रोजचा, की धाप लागल्यावर घ्यायचा तो?

सायली_२७: रोजचा. सकाळ-संध्याकाळ दोन पफ आणि नंतर चूळ भरायची तो. दुसरा आहे तिच्या पर्समध्ये.

अनुजा_: चूळ भरायला सांगितलीये म्हणजे त्यात स्टेरॉइड असणार. श्वासनलिकांची सूज तोच दाबून ठेवतो, बंद केला की काही दिवसांत सूज परत येते आणि रात्रीचा खोकला हीच त्याची खूण. आत्ता डॉक्टरांना फोन कर, थेरपीचं नंतर. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसले किंवा पर्समधल्या पंपाने आराम पडत नसेल तर फोनची वाट न बघता थेट इमर्जन्सीला ने.

निरंजन_: अनुजा_ +१. अजून एक, ४.५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा श्वासावाटे देऊन दम्याची चाचणी करतात, कारण दमेकऱ्याच्या श्वासनलिका त्याने आवळतात. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये (फुफ्फुसात घट्ट कफ साचतो तो जन्मजात आजार) ७ टक्क्यांचा फवारा उपयोगी पडतो पण तिथेही बहुधा आधी नलिका रुंद करणारं औषध देतात. म्हणजे नैसर्गिक असलं म्हणून मीठ निरुपद्रवी नाही.

पाऊसवेडा: मला फायदा झाला यावर मी ठाम आहे, पण मला दमा नव्हता आणि पंप सोडा असं मला कोणी म्हणालं नव्हतं. हे सेंटर सोडा.

योगप्रेमी: नेती मात्र दम्यातही चालते.

अनुजा_: योगप्रेमी, आत्ता नको.

सायली_२७: फोन लागला. पंप लगेच चालू करा म्हणाले आणि दुपारी तिला घेऊन बोलावलंय. पैसे भरत नाहीये. दमा आटोक्यात आल्यावर मशिनवाल्या खोलीबद्दल त्यांनाच विचारू ना?

निरंजन_: हो, आणि दोन्ही पंप सोबत न्या, ती ओढते कशी ते त्यांना बघू दे.