सातारकराच्या मापाने राहायला बरं थंड शहर कोणतं: होबार्ट (ऑस्ट्रेलियाचं टास्मानिया बेट), एडिनबरा (स्कॉटलंड) की व्हँकुवर (कॅनडा)?

कृष्णाकाठ (वाई):
परदेशी निघालेल्या पोराच्या घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिकडं थंडी किती?" माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. एडिनबरा आणि व्हँकुवर दोन्हीकडे जानेवारीत दिवसा पारा ७ अंशांच्या आसपास आणि रात्री १-२ असतो. होबार्टचा हिवाळा जुलैत, तेव्हा दिवसा १२ आणि रात्री ४-५. स्वेटर आणि वाराबंद जाकीट घातलं की हे सगळं निभतं. माणूस खचतो तो उजेडाअभावी. एडिनबरा ५६ अक्षांशावर असल्याने तिथे डिसेंबरातला दिवस जेमतेम ७ तासांचा. व्हँकुवर ४९ वर, तिथे सव्वाआठ तास. होबार्ट दक्षिणेत ४३ वर, तिथला सर्वांत लहान दिवसही ९ तासांचा. साताऱ्यात डिसेंबरातसुद्धा ११ तासांचा दिवस असतो, त्याची सवय झालेल्याला एडिनबरा आणि होबार्टमधला हा दोन तासांचा फरक फार मोठा.

पावसाचं गणित तर आपल्या घाटासारखंच आहे. पश्चिमेचे वारे टास्मानियाच्या पश्चिम डोंगरांवर रिकामे होतात. तिथल्या क्वीन्सटाउनला वर्षाला साधारण २४०० मिमी पडतो, डोंगरांच्या पूर्वेला असलेल्या होबार्टला फक्त ६०० च्या आसपास. महाबळेश्वरात पाच हजार मिमीच्या वर आणि घाट उतरून वाईत आलं की हजाराच्या आत, तसंच ते. माझं मत होबार्टला.

पसरणीचा_वारा:
सहमत नाही. उजेडाचा अर्धाच हिशोब मांडलात. जूनमध्ये एडिनबऱ्याचा दिवस साडेसतरा तासांचा असतो, रात्री दहालाही संधिप्रकाश. जुलैत दुपारचं तापमान १९-२०, ३० च्या वर क्वचितच. पंखा लागत नाही. त्याच अक्षांशावरचं मॉस्को जानेवारीत उणे ६-७ असतं, एडिनबरा मात्र अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे आणि त्यावरून येणाऱ्या वाऱ्यांमुळे शून्याच्या वर राहतं. पाऊस ७०० मिमी, पण तो सव्वाशे दिवसांत वाटलेला, म्हणजे बहुतेक भुरभुर. छत्री घेऊ नका, वाऱ्यात उलटी होते. टोपीचं वॉटरप्रूफ जाकीट घ्या.

आता खरी अडचण सांगतो, कारण आपली माणसं तिथे नेमकी इथेच चुकतात. महाबळेश्वरच्या सवयीने खिडक्या घट्ट लावून बसतात. महाबळेश्वरात ते बरोबर आहे. पावसाळ्यात बाहेरची हवा २० अंशांची आणि पूर्ण ओली, म्हणजे घनमीटरला १७ ग्रॅम बाष्प. खिडकी उघडली की गाद्या दमट. एडिनबऱ्यात हिवाळ्यातली ५ अंशांची हवा कितीही ओली असली तरी घनमीटरला ७ ग्रॅमच्या वर बाष्प धरूच शकत नाही. ती आत घेऊन २० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे बाहेर भुरभुर असली तरी खिडकी उघडल्याने घर कोरडंच होतं. सकाळी आणि स्वयंपाकानंतर समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटं सताड उघडायच्या, मग लावायच्या. खोली १८ अंशांच्या खाली जाऊ द्यायची नाही. हीटरवर कपडे वाळत घातले आणि खिडकी बंद ठेवली की ते सगळं पाणी थंड दगडी भिंतीवर जाऊन बसतं आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा.

तासगावचा_बेदाणा:
वरचा बाष्पाचा हिशोब अगदी बरोबर. बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्याला हे लगेच पटेल. पण माझी पसंती व्हँकुवर. वर्षाला १२०० मिमी हा आकडा बघून लोक घाबरतात, पण तो पडतो कधी ते बघा. नोव्हेंबरात १८० च्या पुढे, जुलैत जेमतेम ३५. जुलै-ऑगस्ट कोरडा, दुपारी २२ अंश, घाम नाही. पाऊस एका हंगामात उरकतो, आपल्यासारखाच, फक्त ऋतू उलटा. घर घेताना मात्र जागा बघा. विमानतळाकडे बाराशे, तर नॉर्थ व्हँकुवरच्या डोंगरउतारावर दोन हजारांच्या वर.

कृष्णाकाठ (वाई):
पसरणीचा_वारा, खिडकीचा मुद्दा मान्य, तो होबार्टलाही लागू आहे. तिथली जुनी लाकडी घरं नीट इन्सुलेट केलेली नसतात, घर भाड्याने घेताना छतात इन्सुलेशन आहे का ते विचाराच. पण दिवस मोठा असणं वेगळं आणि ऊन पडणं वेगळं. एडिनबऱ्यात वर्षाला ऊन साधारण १४५० तास, होबार्टला दोन हजारांच्या वर. त्यात वसंतात पूर्वेचा वारा सुटला की उत्तर समुद्राचं धुकं शहरावर येतं आणि थोडं आत सगळीकडे ऊन असताना किनारा मात्र गारठलेला राहतो. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर ते मार्च सगळ्यांनाच रोज १० मायक्रोग्रॅम 'ड' जीवनसत्त्व घ्यायला सांगतात, सावळ्या कातडीच्या लोकांना वर्षभर. मोठ्या दिवसांनी हिवाळा भरून निघत नाही.

आणि बेदाणादादा, व्हँकुवरचा कोरडा उन्हाळा हीच आता काळजीची गोष्ट झाली आहे. २९ जून २०२१ ला त्याच प्रांतातल्या लिटनमध्ये ४९.६ अंश नोंदले गेले. वणव्यांचा धूर ऑगस्ट-सप्टेंबरात शहरावर उतरतो, तेव्हा खिडकी उघडता येत नाही. बऱ्याच घरांत एसीही नाही.

पसरणीचा_वारा:
वणव्याचं म्हणाल तर होबार्टही सुटलेलं नाही. ७ फेब्रुवारी १९६७ च्या आगीत होबार्ट आणि आसपासच्या दक्षिण टास्मानियात ६२ माणसं गेली. ४ जानेवारी २०१३ ला पारा ४१.८ वर गेला होता. एडिनबऱ्याने असा दिवस पाहिलेला नाही.

तासगावचा_बेदाणा:
होबार्टच्या उन्हाचं कौतुक करताना अतिनील किरणांचं राहून गेलं. जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, हवा स्वच्छ आणि ओझोन कमी, त्यामुळे २२ अंशांच्या गार हवेतही कातडी भाजते. आपल्याकडे ऊन टोचलं की माणूस सावलीत जातो, तिथे ते टोचतच नाही. अतिनील (यूव्ही) निर्देशांक ३ किंवा त्याहून जास्त असेल तेव्हा टोपी आणि सनस्क्रीन, दर दोन तासांनी पुन्हा. सावळ्यांनीसुद्धा.

कृष्णाकाठ (वाई):
दोन्ही मान्य. त्यात आणखी एक: होबार्टला उन्हाळ्यात उत्तरेचा गरम वारा फिरून दक्षिणेचा सुटला की तासाभरात दहा अंश उतरतात, म्हणून जानेवारीतही पिशवीत जाकीट हवंच. तरीही माझं मत बदलत नाही. असे दिवस वर्षातून मोजके, एडिनबऱ्याचा अंधार मात्र नोव्हेंबर ते जानेवारी रोजचा.