संशयावरून नौका उडवण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने दिला?

अपरान्त

'ओहायोकर' यांनी परवा या चर्चामंचावर लिहिले की, अमेरिकेने कॅरिबियन समुद्रात आणि पूर्व पॅसिफिकमध्ये अमली पदार्थांच्या नौका क्षेपणास्त्रांनी उडवल्या यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही, विष विकणाऱ्याला वकील कशाला हवा, आणि ज्यांना हे खटकते त्यांनी एकदा व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन यावे. त्यावर बहुतेकांनी होकार भरला. मला ते वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

पहिला हल्ला २ सप्टेंबर २०२५ रोजी झाला आणि त्यात ११ माणसे मेली. वर्ष संपेपर्यंत मृतांची संख्या शंभरावर गेली. या माणसांवरील आरोप कोणत्याही न्यायालयापुढे आला नाही. तो सिद्ध झाला असता तरी अमेरिकेच्याच १९८६ च्या सागरी अमली पदार्थ कायद्यानुसार त्यांना कारावास झाला असता, फाशी नव्हे. अमेरिकी तटरक्षक दलाची पद्धतही कित्येक वर्षे ठरलेली आहे. हेलिकॉप्टरमधला नेमबाज पळणाऱ्या नौकेच्या इंजिनावर गोळी झाडतो, नौका थांबते, माणसे आणि माल ताब्यात घेतला जातो आणि खटला उभा राहतो. ज्या महिन्यांत क्षेपणास्त्रे सुटत होती, त्याच महिन्यांत पूर्व पॅसिफिकमध्ये हे दल नौका अडवून टनावारी कोकेन जप्त करीत होते. म्हणजे दुसरा मार्गच नव्हता, असे म्हणण्याची सोय नाही.

या हल्ल्यांना कायद्याचा आधार म्हणून ट्रम्प प्रशासनाने संसदेला कळवले की, अमेरिका अमली पदार्थांच्या टोळ्यांशी 'सशस्त्र संघर्षात' आहे. पण संसदेच्या परवानगीविना लष्करी मोहीम चालवण्यासाठी १९७३ च्या युद्धाधिकार ठरावाने घातलेली ६० दिवसांची मुदत संपत आली, तेव्हा त्याच प्रशासनाने भूमिका घेतली की, यात अमेरिकी सैनिकांच्या जिवाला धोका नसल्यामुळे ही मोहीम त्या ठरावाच्या कक्षेतच येत नाही. माणसे मारायची तेव्हा युद्ध आणि संसदेची परवानगी घ्यायची तेव्हा युद्ध नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. याचे उत्तर 'ओहायोकर' यांनी द्यावे.

ओहायोकर

उत्तर देतो, परंतु आधी सांगतो की, मी अमेरिकेतील ओहायोत राहतो. आमच्या गल्लीतील एका कुटुंबाचा एकोणीस वर्षांचा मुलगा दुखण्यावरची गोळी म्हणून मित्राने दिलेली एक गोळी खाऊन झोपला आणि सकाळी उठला नाही. त्या गोळीत फेंटानिल हे अत्यंत जहाल कृत्रिम मादक द्रव्य होते. त्याच्या आईने आमच्याकडे गणपतीच्या आरतीला प्रसाद वाटला होता, आणि पुढच्या गणपतीला ती दारातूनच परत गेली, कारण घरात त्याच वयाची मुले जमली होती. या देशात २०२२ मध्ये अमली पदार्थांच्या अतिसेवनाने एक लाखाहून अधिक माणसे मेली. कलमे आणि मुदती यांची चर्चा करणाऱ्यांनी हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा.

आता कायद्याविषयी. एखाद्या देशाची एवढी माणसे दरवर्षी मरत असतील, तर तो हल्ला नव्हे काय? ११ सप्टेंबर २००१ नंतर टोळ्यांविरुद्धही स्वसंरक्षण करता येते हे अनेक देशांनी मान्य केले. ओबामांच्या काळात येमेनमध्ये अन्वर अल्-अवलाकी या अल्-कायदाशी जोडलेल्या अमेरिकी नागरिकाला खटल्याविना ड्रोनने मारले, तेव्हा आजचे किती कायदेपंडित बोलले? त्रिनिदादच्या पंतप्रधान कमला प्रसाद-बिसेसर यांनी या हल्ल्यांचे उघड स्वागत केले, कारण टोळ्यांचा उपद्रव त्या रोज पाहतात. शिवाय उद्ध्वस्त झालेल्या एका नौकेच्या ठिकाणाहून डॉमिनिकन नौदलाने कोकेनची ३७७ पाकिटे बाहेर काढली. त्यामुळे हे सगळे निष्पाप कोळी होते, अशी समजूत कृपया पसरवू नये.

विधिज्ञा

त्या मुलाविषयी मनापासून वाईट वाटते, आणि म्हणूनच त्याच्या मृत्यूचा उपयोग चुकीच्या दिशेला बोट दाखवण्यासाठी होऊ नये. अमेरिकेत जाणारे फेंटानिल प्रामुख्याने मेक्सिकोत तयार होते आणि सीमेवरील अधिकृत नाक्यांतून, मोटारींत व मालमोटारींत दडवून आत जाते. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्या नौकांत माल असलाच तर तो बहुधा कोकेन असतो, आणि त्यातील बराचसा युरोपच्या वाटेला लागतो. त्या गोळीचा आणि या नौकांचा संबंध जोडण्यापूर्वी एवढे तरी पाहायला हवे होते.

अवलाकीच्या बाबतीत तुमचा मुद्दा मी अंशतः मानते. तेव्हा जे गप्प राहिले त्यांनीच ही वाट रुंद केली. तरीसुद्धा त्या वेळी लष्करी बळ वापरण्याची परवानगी देणारा २००१ चा संसदेचा ठराव हाती होता आणि समोरची संघटना अमेरिकेवर हल्ले घडवत होती. अमली पदार्थ विकणे हा भयंकर गुन्हा आहे, पण तो सशस्त्र हल्ला नाही. युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या १९९५ च्या तादिच निकालापासून आंतरराष्ट्रीय न्यायालयांनी सशस्त्र संघर्षाच्या दोन कसोट्या वापरल्या आहेत. समोरचा गट संघटित सशस्त्र असावा लागतो आणि हिंसाचार दीर्घ व तीव्र असावा लागतो. या नौकांवरून अमेरिकी जहाजावर एक गोळीदेखील झाडली गेल्याचे कोणी म्हणत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हेनेझुएलातील 'त्रेन दे अराग्वा' या टोळीला अमेरिकेने दहशतवादी संघटना घोषित केले हे खरे, पण त्या घोषणेने मालमत्ता गोठवता येते आणि मदत करणाऱ्यांवर खटले भरता येतात. माणूस दिसताच मारण्याचा परवाना तीत नाही.

आणि पहिल्या नौकेवरचा दुसरा हल्ला? पहिल्या स्फोटानंतर दोन माणसे फुटक्या सांगाड्याला धरून पाण्यात होती आणि पुन्हा मारा करून त्यांनाही संपवले गेले. हे खरोखर युद्ध होते असे क्षणभर मानले, तरी जहाजबुडीतून वाचलेल्यांवर मारा करणे हे अमेरिकी संरक्षण खात्याच्या स्वतःच्या युद्धकायदा पुस्तिकेत उघड बेकायदा आदेशाचे उदाहरण म्हणून छापलेले आहे. पहिल्या महायुद्धातील एका जर्मन पाणबुडीच्या अधिकाऱ्यांना १९२१ मध्ये लाइपझिग येथे शिक्षा झाली, ती 'लँडोव्हरी कॅसल' या बुडवलेल्या रुग्णालय-जहाजाच्या बचावनौकांवर गोळ्या झाडल्याबद्दल.

दर्यावर्दी

मी भारतीय तटरक्षक दलात नोकरी केली आहे. खुर्चीत बसून पुस्तिका उघडणे सोपे आहे. रात्रीच्या अंधारात, दिवे मालवून, तीन-तीन इंजिने लावून पळणारी नौका अडवायला जाणाऱ्या तरुणांचे काय होते, हे कोणी विचारत नाही. आमच्याकडे एका प्रकरणात सर्व काही रीतसर केले होते. नौका अडवली, माल उतरवला, पंचनामा झाला, आणि कित्येक वर्षांनी नमुन्यांच्या मोहरेतील एका त्रुटीवरून आरोपी सुटले. त्या साक्षीसाठी बदलीच्या ठिकाणाहून मी पुन्हा पुन्हा रजा काढून जात होतो. ज्यांना 'खटला भरा' हे वाक्य फार सोपे वाटते, त्यांनी एकदा त्या बाकावर बसून पाहावे.

शेखाडीला १९९३ साली आरडीएक्स उतरले ते समुद्रातूनच, आणि २००८ मध्ये कसाब व त्याचे साथीदार आले ते पोरबंदरची 'कुबेर' बळकावूनच. तेव्हा संशयावरून एखादी नौका बुडवली असती, तर मुंबईत किती जीव वाचले असते?

विधिज्ञा

'कुबेर'चेच उदाहरण घ्या. ती आपल्या मच्छीमारांची नौका होती. पळवल्यानंतर लगेच ती कोणी दुरून क्षेपणास्त्राने उडवली असती, तर दहशतवाद्यांबरोबर तिचे खलाशीही मेले असते.

हे काल्पनिक नाही. नोव्हेंबर २००८ मध्येच एडनच्या आखातात आपल्या 'आयएनएस ताबर'ने चाच्यांची मुख्य नौका समजून एक जहाज बुडवले. ते चाच्यांनी पळवलेले थायलंडचे मासेमारी जहाज होते आणि त्याचे खलाशी त्याच्यावरच होते, हे नंतर उघड झाले. अनेक दिवस पाण्यात तरंगलेला एकच खलाशी जिवंत सापडला.

दर्यावर्दी

हे मी खपवून घेणार नाही. 'ताबर'ने आधी थांबण्याचा इशारा दिला होता, समोरून धमकी आणि गोळीबार झाला, आणि मगच प्रत्युत्तर दिले गेले. चाचेगिरी हा आंतरराष्ट्रीय गुन्हा आहे आणि तिथे आमचे लोक व्यापारी जहाजांच्या संरक्षणासाठी जिवावर उदार होऊन उभे होते. त्यांना अमेरिकेच्या ड्रोनवाल्यांच्या रांगेत बसवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? आपल्या नौदलावर चिखलफेक केल्याशिवाय तुमच्या वर्गाला कोणताही मुद्दा मांडता येत नाही काय?

विधिज्ञा

चिखलफेक कोणी केली? तुम्हीच सांगितलेला क्रम पुन्हा वाचा. इशारा, समोरून गोळीबार, मग प्रत्युत्तर. एवढी काळजी घेऊनसुद्धा आत बांधलेली निरपराध माणसे बुडाली. कॅरिबियन समुद्रात समोरून गोळीबार झालेलाच नाही. तिथे चूक झाली असेल तर ती कोणाच्या लक्षात येणार आहे?

उत्तरकोकण

इतका वेळ वाचत होते, पण आता लिहिणे भाग आहे. माझे माहेर पालघर जिल्ह्यातील मच्छीमार गावात आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'जलपरी' या नौकेवर पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाने गोळ्या झाडल्या आणि वडराईचा एक खलाशी मेला. तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला होता की, नौका हद्दीत असो वा हद्दीबाहेर, नि:शस्त्र माणसावर गोळी कशी चालवता? गुजरातमध्ये गुन्हा नोंदवला गेला आणि तेव्हा आपणा सर्वांना कायदा आठवला. इटलीच्या नौसैनिकांनी २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ दोन भारतीय मच्छीमारांना चाचे समजून मारले, तेव्हाही देश पेटून उठला होता. त्यांचाही संशय प्रामाणिकच असेल.

वरून पाहणाऱ्याला आमची नौका कशी दिसते ते सांगते. नाळेकडे निळी ताडपत्री, तिच्याखाली बर्फ आणि जाळी, मागे डिझेलची निळी-पांढरी पिंपे ओळीने बांधलेली, आणि त्यांच्यामध्ये अंग दुमडून झोपलेली पाच-सहा पोरे. लांबच्या खेपेला पिंपे जास्त लागतात, आणि डिझेल वाचवायला रात्री दिवेही मंद ठेवतात. अमेरिकेने प्रसिद्ध केलेल्या हल्ल्यांच्या चित्रफितींतील नौकांवरची पिंपे पाहून इथल्या काही जणांनी 'बघा, हीच खूण' असे लिहिले होते. ती खूण असेल, तर सातपाटी ते हर्णैपर्यंतची प्रत्येक नौका संशयित ठरेल. ऑक्टोबरमधील एका हल्ल्यानंतर त्रिनिदादच्या लास कुएवास या मच्छीमार गावातील कुटुंबांनी सांगितले की, आमची माणसे व्हेनेझुएलात कामाला गेली होती आणि परत येत होती. ते खरे की खोटे, हे आता कोण ठरवणार?

दर्यावर्दी

पिंपांविषयी ताईंचे म्हणणे मी अनुभवाने मानतो. केवळ पिंपे पाहून आम्हीदेखील कधी गोळी चालवली नाही. पण गुप्तवार्ता नावाची गोष्ट असते. अमेरिकेला नौका निघाल्यापासून तिच्यावर कोण चढले आणि काय चढवले हे कळते. ते सारे जाहीर करता येत नाही.

अपरान्त

गुप्तवार्ता इतकी पक्की होती, तर ऑक्टोबरमध्ये अर्धपाणबुडीवरील (बहुतांश पाण्याखाली राहून चालणाऱ्या नौकेवरील) हल्ल्यातून वाचलेल्या दोघांचे काय झाले? एकाला कोलंबियाला आणि दुसऱ्याला इक्वेडोरला पाठवून दिले. इक्वेडोरने आपल्या नागरिकाला त्याच्याविरुद्ध पुरावा नाही म्हणून सोडून दिले. जो मेला तो दहशतवादी आणि जो वाचला तो घरी, असा हा न्याय आहे. त्या नौकेत काही नव्हते असा माझा दावा नाही. पण ज्या पुराव्यावर खटला उभा राहत नाही, त्या पुराव्यावर जीव घेता येतो, हे मला कोणीतरी पटवून द्यावे.

पेरूच्या आकाशात २००१ मध्ये याच विश्वासाने एक विमान पाडले गेले. सीआयएच्या टेहळणी विमानाने ते संशयित म्हणून दाखवले आणि पेरूच्या हवाई दलाने गोळ्या झाडल्या. आत अमेरिकी मिशनरी कुटुंब होते. एक आई आणि तिची काही महिन्यांची मुलगी मेली. पाहणारे प्रशिक्षित होते आणि हेतूही हाच होता.

आणि टोळ्यांच्या म्होरक्यांविषयी म्हणाल, तर या सगळ्याचा सूत्रधार म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले गेले, त्या व्हेनेझुएलाच्या अध्यक्ष मादुरोंना जानेवारी २०२६ मध्ये पकडून न्यूयॉर्कच्या न्यायालयात उभे केले गेले. तिथे त्यांना वकील मिळाला आणि 'गुन्हा कबूल नाही' असे सांगण्याची संधीही मिळाली. होंडुरासचे माजी अध्यक्ष हर्नांदेझ यांना कोकेनच्या व्यापाराबद्दल रीतसर खटल्यानंतर ४५ वर्षांची शिक्षा झाली होती. त्यांना ट्रम्प यांनी डिसेंबर २०२५ मध्ये माफी दिली. मग नौकेच्या सुकाणूवर बसलेल्या मजुरालाच तेवढा न्यायालयाचा दरवाजा बंद का?

ओहायोकर

हर्नांदेझ यांच्या माफीचे समर्थन मी करणार नाही. ती मलाही लाजिरवाणी वाटते. पाण्यातल्या दोघांना मारणे हेही चूकच होते, एवढे मी मान्य करतो. मात्र येथून पुढे मला ओढू नका. धावत्या नौकेवरील पहिला हल्ला आणि बुडणाऱ्या माणसांवरील दुसरा हल्ला यांत फरक आहे, आणि पहिल्याला गुन्हा म्हणायला मी तयार नाही. फेंटानिल दुसऱ्या वाटेने येते म्हणून कोकेनवाल्यांना हात लावू नये, हे मला पटत नाही. त्या कोकेनमध्येही आता फेंटानिल मिसळलेले सापडते, आणि माझ्या मुलांच्या शाळेत त्याविषयी पालकांची बैठक घ्यावी लागते.

विधिज्ञा

हात लावू नये असे इथे कोणीच म्हटलेले नाही. आपल्या तटरक्षक दलाने नोव्हेंबर २०२४ मध्ये अंदमानजवळ म्यानमारची मासेमारी नौका अडवून सुमारे ६,००० किलो मेथँफेटामाइन पकडले आणि सहाही खलाशांना जिवंत ताब्यात घेतले. 'दर्यावर्दी' यांना ज्या सहकाऱ्यांचा अभिमान आहे, त्यांनीच हे केले आहे. नौका बुडवली असती, तर माल समुद्रात गेला असता आणि तो कोणी पाठवला हे सांगणारे सहा जणही गेले असते.

दर्यावर्दी

अंदमानची कारवाई उत्तमच होती, त्याविषयी वाद नाही. पण त्या सहा जणांच्या खटल्याचा निकाल लागेपर्यंत किती साक्षीदार निवृत्त होतात, तेही मोजा. न्यायालयांनी एक वर्षात निकाल द्यावेत, मग मीच तुमच्या बाजूने लिहीन.

ओहायोकर

माझ्यापुरते सांगतो. २ सप्टेंबरच्या दुसऱ्या हल्ल्याची संपूर्ण चित्रफीत लोकांना दाखवणार नाही, असे संरक्षणमंत्री हेगसेथ यांनी सांगितले, ते मला मान्य नाही. बाकीच्या हल्ल्यांच्या फिती त्यांनी स्वतःहून प्रसिद्ध केल्या, तर हीदेखील दाखवावी. आमच्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीला मी तसे पत्र लिहिले आहे. पहिल्या हल्ल्याविषयी माझे मत बदललेले नाही.